कोंबडीचं मशीन सापाच्या अंड्यांना चालेल का?

प्रश्न: सप्रेम नमस्कार. माझ्याकडे बॉल पायथनची एक जोडी आणि कॉर्न स्नेकची एक जोडी आहे. दोन्ही माद्या यंदा पहिल्यांदाच अंडी घालतील असं दिसतंय. कॉर्नच्या मादीनं चार दिवसांपूर्वी कात टाकली. पायथनच्या मादीचं पोट भरलेलं आहे, पण तिनं अजून कात टाकलेली नाही. एक मित्र त्याचा कोंबडीच्या ४८ अंड्यांचा ऑटोमॅटिक इन्क्युबेटर वापरायला देतोय. सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा, गरम आणि थंड दोन्ही करणारा एक तयार इन्क्युबेटरही पाहून ठेवलाय, पण तसा एकच परवडेल. थर्माकोलची पेटी घरी करावी असंही डोक्यात आहे. कोंबडीचं मशीन चालेल का? दोन्ही जातींची अंडी एकत्र ठेवता येतील का? महागडं मशीन घेतलंच तर ते पायथनसाठीच घ्यावं ना, ती पिल्लं जास्त मोलाची म्हणून? आर्द्रता किती टक्के ठेवायची? ज्या खोलीत हे ठेवणार तिथं पहाटे २१ आणि दुपारी ३१ अंश सेल्सिअस असतात. वीज अधूनमधून दोन-तीन तास जाते.

उत्तर: घाई कॉर्नची आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू. कॉर्न स्नेकची मादी अंडी घालण्याआधी एकदा कात टाकते आणि तिथून साधारण ८ ते १४ दिवसांत अंडी घालते. तुमचे चार दिवस गेले आहेत, म्हणजे आजपासून चार दिवसांनी कधीही अंडी दिसू शकतात. बॉल पायथनमध्ये हे अंतर जवळजवळ महिन्याचं असतं आणि तुमच्या मादीनं तर अजून कातच टाकलेली नाही. तेव्हा पायथनच्या तयारीला सवड आहे, कॉर्नच्या तयारीला नाही.

आता महागड्या मशीनचं. ते घ्या, पण कॉर्नसाठी. उत्तर उलटं वाटेल, पण ते तुमच्याच खोलीच्या आकड्यांतून निघतं. बॉल पायथनची अंडी ३१ ते ३२ अंशांवर उबवतात आणि ५५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. कॉर्नला २७ ते २८ अंश पुरतात, दिवस ५५ ते ६५. तुमची खोली दुपारी ३१ वर जाते. नुसता हीटर असलेली कुठलीही पेटी, साधी असो की भारी, खोलीपेक्षा थंड होऊ शकत नाही. २७.५ वर लावलेला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारं उपकरण, दुपारी हीटर बंद करून गप्प बसेल आणि आत ३१ अंशच राहतील. आठ-नऊ आठवडे रोज असं झालं तर कॉर्नच्या पिल्लांत कण्याला बाक येणं, डोळे किंवा जबडा वेडावाकडा होणं, पूर्ण वाढ होऊन अंड्यातच मरणं हे प्रकार दिसू लागतात. पायथनला हीच खोली सोयीची आहे. ३१.५ अंश तिच्या वरच आहेत, तेव्हा फक्त तापवायचं काम उरतं आणि ते घरी केलेली पेटी उत्तम करते.

हे लक्षात आलं की एकत्र ठेवायचा प्रश्नही सुटतो. दोन्ही जातींसाठी मधला आकडा म्हणून २९.५ लावण्याचा मोह अनेकांना होतो. पायथनची अंडी त्यात रेंगाळतात, आणि कॉर्नला वरच्या बाजूला मोकळीक उरत नाही. नेहमीची अंशा-दीड अंशाची वर-खाल झाली तरी ती धोक्याच्या पट्ट्यात जातात. दोन जाती, दोन पेट्या, दोन थर्मोस्टॅट. एक काळजी मात्र सोडून द्या: बिबट्या गेको, पुष्कळ कासवं आणि मगरी यांच्यात उबवणीच्या तापमानावर नर-मादी ठरतं, सापांत ते गुणसूत्रांवर ठरतं. त्यामुळे अमुक इतके नर, अमुक इतक्या माद्या मिळाव्यात म्हणून तापमान हलवण्यात काही अर्थ नाही.

मित्राचं कोंबडीचं मशीन जसं आहे तसं वापरू नका. कारणं सांगतो, म्हणजे पुढं कुणी दुसरं मॉडेल दाखवलं तरी तुमचं तुम्हाला तपासता येईल.

पक्ष्याचं अंडं अधूनमधून फिरवावं लागतं, नाहीतर वाढणारा गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. सापाच्या अंड्यात गर्भ पहिल्या एक-दोन दिवसांत कवचाच्या वरच्या बाजूला बसतो आणि तिथंच राहतो. अंडं उलटलं तर तो बलकाखाली दबू शकतो. त्यामुळे फिरवणारा ट्रे आधी काढून टाकायला हवा. नुसता बटणानं बंद करणं पुरेसं नाही, कारण वीज जाऊन आली की काही मशिनांत तो आपोआप सुरू होतो. दुसरी गोष्ट तापमानाची. ही मशिनं ३७.५ च्या आसपास चालण्यासाठी बनलेली असतात. किती खाली लावता येतं ते मॉडेलवर असतं, आणि काही ३० च्या खाली येतच नाहीत. त्याहून वाईट म्हणजे सेटिंग पुसलं गेलं तर काही कंट्रोलर कारखान्यातल्या ३७.८ किंवा ३८ वर परत जातात. सापाची अंडी मरायला तशी एक रात्र पुरते. तिसरं म्हणजे हवा आणि ओल. कोंबडीचं कवच कडक, चुन्याचं असतं, आणि उबताना त्या अंड्यातलं पाणी कमी व्हावंच लागतं. म्हणून तिथं ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रता आणि सतत वाहणारी हवा बरोबर ठरते. सापाचं अंडं मऊ, चामड्यासारखं. ते भोवतालच्या ओलीतून पाणी शोषून फुगतं आणि वजनानं वाढतं. त्या वाऱ्यात ते उघडं ठेवलं तर काही दिवसांत चेपतं.

यातून वाट म्हणजे झाकणाच्या डब्यात अंडी ठेवून तो डबा मशीनमध्ये ठेवणं. पण ४८ अंड्यांच्या टेबलावरच्या मशिनांत आतली उंची बहुतेक वेळा इतकी कमी असते की डबा बसत नाही. बॉल पायथनची अंडी एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो, एकेक अंडं ७-९ सेंटीमीटर लांब असतं, आणि असा गठ्ठा डब्यासकट सहज १५ सेंटीमीटर उंची मागतो. मित्राला धन्यवाद द्या आणि मशीन परत करा.

इन्क्युबेटर अचूक किती चालतो हे सगळेच विचारतात. आमचा आग्रह असा की तो बिघडला तर काय करील, हे त्याआधी विचारा. सापाची अंडी थंडी बरीच सोसतात, उष्णता सोसत नाहीत. काही तास तापमान चार-पाच अंशांनी उतरलं तर बहुतेक वेळा पिल्लं थोडी उशिरा येतात, एवढंच. तितकंच वर चढलं तर सगळी अंडी जाऊ शकतात. म्हणून बिघडल्यावर थंड पडणारी पेटी चांगली, तापत सुटणारी पेटी वाईट. पुढची जवळजवळ सगळी निवड याच एका कसोटीवर करा.

तयार मशीन घेताना, म्हणजे तुमच्या कॉर्नसाठी, चार गोष्टी बघा. ते खरंच थंड करतं का? डब्यावर लिहिलेली तापमानाची मर्यादा १५ ते ४० अशी असली तरी आत फक्त हीटर असू शकतो; तेव्हा १५ चा अर्थ खोली १५ असेल तर १५ एवढाच. थंड करणाऱ्या लहान मशिनांत बहुधा पेल्टियर चकती, म्हणजे वीज दिली की एका बाजूनं थंड आणि दुसऱ्या बाजूनं गरम होणारी चकती असते, तिच्या मागे पंखा आणि धातूच्या पात्यांचा सांगाडा असतो. ३१ च्या खोलीत आत २७.५ राखणं तिला जड नाही. फक्त मागच्या पंख्याला भिंतीपासून हातभर मोकळी जागा हवी. बंद कपाटात ठेवलं तर ती स्वतःचीच गरम हवा ओढत बसते आणि दुपारी हरते. आतल्या थंड भागावर दव धरून पाणी गळतं, ते अंड्यांच्या डब्यावर पडणार नाही हेही बघा. नंतर वीज घालवून पाहा: प्लग काढा, दहा मिनिटांनी लावा. मशीन आपणहून त्याच आकड्यावर सुरू झालं पाहिजे. बटण दाबेपर्यंत झोपून राहणारं मशीन घेऊ नका. मग प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं वायरीचं टोक, कुठं आहे ते पाहा. तो छताजवळ पक्का बसवलेला असेल तर दाखवलेला आकडा छताचा असतो, अंड्यांचा नाही, आणि फरक दोन अंशांचाही निघू शकतो. शेवटी आतली मापं. जाहिरातीतले लिटर विसरा, तुमचा डबा टेपनं मोजा आणि त्याच्या चारही बाजूंनी निदान दोन बोटं हवा खेळेल का ते पाहा.

हे मशीन चार दिवसांत हातात येणार नसेल तर थांबू नका. कॉर्नच्या अंड्यांचा डबा घरातल्या सर्वांत थंड, स्थिर जागी ठेवा: उन्हाची भिंत नसलेली आतली खोली, जमिनीलगतचं कपाट. तिथं २४ ते २८ मध्ये राहिलं तर मशीन नसतानाही कॉर्नची अंडी उबतात, फक्त दिवस वाढतात. मशीन आल्यावर डबा तसाच, न हिंदकळवता आणि न कलंडवता उचलून आत ठेवायचा.

आता पायथनची पेटी. जाड भिंतीची थर्माकोलची पेटी घ्या, बाहेरून साधारण ५० × ४० × ३५ सेंटीमीटर, भिंत ३ सेंटीमीटर. अशी पेटी आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या दर अंश फरकाला अंदाजे १.२ वॅट उष्णता गमावते. तुमची पहाट २१, पेटी ३१.५, फरक साडेदहा अंश, म्हणजे १२-१३ वॅट लागतात. झाकणाच्या फटी धरून १५ ते १८ वॅटचा हीटर पुरे. इथंच बहुतेकांचं चुकतं: १०० वॅटचा बल्ब किंवा सिरॅमिक हीटर लावतात, लवकर तापावं म्हणून. थर्मोस्टॅटचा रिले, म्हणजे वीज जोडणारा-तोडणारा आतला स्विच, एकदा चिकटला की तोच हीटर पेटी तासाभरात आठ-नऊ अंशांनी चढवतो, तेही आत दहा लिटर पाणी ठेवलेलं असताना. १८ वॅटचा हीटर त्याच पाण्यासकट पेटीला तासाला साधारण दीड अंशानं चढवतो. तुम्ही घरी असाल तर तेवढ्यात अलार्म ऐकून वायर काढता येते. मात्र तोही सोडून दिला तर शेवटी खोलीपेक्षा १५ अंश वर जाऊन बसेल, म्हणून लहान हीटर असला तरी दुसरं कुलूप लागतंच. त्याचं पुढं सांगतो.

हीटर म्हणून हीट केबल सर्वांत सोयीची. १५ वॅटची केबल तारेच्या जाळीवर नागमोडी पसरून बांधा, दोन फेऱ्या एकमेकींवर येऊ देऊ नका, आणि ती जाळी तळापासून दोन-तीन सेंटीमीटर वर ठेवा. केबल किंवा हीट मॅट थर्माकोलला थेट चिकटवू नका. बंदिस्त जागी ती अपेक्षेपेक्षा जास्त तापते आणि थर्माकोल ८०-९० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. केबलच्या वर दुसरी जाळी, तिच्यावर एकूण दहा लिटर पाण्याच्या बाटल्या आडव्या, त्यांच्यावर अंड्यांचा डबा. बाटल्यांचं काम उष्णता साठवणं आणि खालची आच डब्याला थेट लागू न देणं हे आहे. डबा थेट तापलेल्या तळावर असला की आतली ओल खालून उडते, झाकणाला थंड लागून वर दव धरते आणि अंड्यांवर ठिबकते. खालची अंडी कोरडी, वरची भिजलेली, आणि आर्द्रतेचा आकडा मात्र छान दिसतो. ही तक्रार फार येते आणि तिचं मूळ जवळपास नेहमी तळाच्या हीटरमध्ये असतं.

एका कोपऱ्यात कॉम्प्युटरचा ८० मिलिमीटरचा १२ व्होल्टचा पंखा बसवा आणि तो ५ ते ७ व्होल्टवर सतत चालू ठेवा. अंडी बंद डब्यात असल्यामुळे वाऱ्यानं ती सुकत नाहीत, आणि पेटीचा वरचा-खालचा फरक अर्ध्या अंशात येतो. पंख्याशिवाय हाच फरक दोन-तीन अंशांचा सहज असतो.

थर्मोस्टॅट चालू-बंद पद्धतीचा असला तरी चालेल, कारण हीटर लहान आहे आणि पाणी भरपूर आहे. ०.१ अंशानं लावता येणारा, हीटर बंद होणं आणि पुन्हा चालू होणं यांतला तापमानाचा फरक ०.३ ते ०.५ वर आणता येणारा घ्या. प्रमाणात वीज देणारा, म्हणजे पल्स पद्धतीचा थर्मोस्टॅट मिळाला तर तापमान अधिक सपाट राहतं आणि घासून निकामी होणारा यांत्रिक रिले बहुधा त्यात नसतो. त्याचा प्रोब अंड्यांच्या उंचीला, डब्याच्या शेजारी, हवेत लटकता बांधा. डब्याच्या आत ठेवू नका: तिथं तापमान उशिरा बदलतं, तोवर हीटर चालूच राहतो आणि आकडा पुढं निघून जातो. डब्यात वेगळ्या थर्मामीटरचा प्रोब ठेवा, तो फक्त वाचायला.

आणि तो बांधलेला प्रोब दोन ठिकाणी पक्का करा. पूर्ण उबवणी वाया जाण्याचं सर्वांत साधं कारण हे की झाकण उघडताना प्रोब बाहेर ओढला जातो. थर्मोस्टॅट मग खोलीचे २१ अंश वाचतो आणि रात्रभर हीटर चालू ठेवतो. थर्मोस्टॅटमध्ये बिघाड नसतो, त्याला चुकीची जागा दाखवलेली असते.

दुसरं कुलूप म्हणजे दुसरा थर्मोस्टॅट, वेगळ्या कंपनीचा, स्वतःचा वेगळा प्रोब असलेला, पहिल्याच्याच वायरीत ओळीनं जोडलेला. पहिला ३१.५ वर, दुसरा ३३ वर. पहिला चिकटला तरी दुसरा ३३ ला वीज तोडतो. अंडी येण्याआधी दोन्हींची परीक्षा घ्या. चालू असताना प्रोबची वायर कंट्रोलरमधून काढा. हीटर बंद पडला पाहिजे. काही कंट्रोलर प्रोब नाही म्हणजे थंडी आहे असं समजून तापवत राहतात. असा निघाला तर तो या कामाला नको. मग पहिला मुद्दाम ३६ वर लावा आणि दुसरा ३३ ला तोडतो का ते समोर बसून पाहा. वायरी पेटीतून बाहेर काढताना थोडा खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोहोचणार नाही.

माशांच्या टाकीचा हीटर पाण्यात बुडवून वर डबा ठेवायची युक्तीही तुम्हाला कुणीतरी सुचवेल. कॉर्नसारख्या कमी तापमानाच्या अंड्यांना, थंड खोलीत, ती चालते. पायथनला नाही: हवेत ३१.५ हवे असतील तर पाणी ३३-३४ ला ठेवावं लागतं, आणि हे हीटर बहुधा ३२ किंवा ३४ लाच संपतात. शिवाय दोन महिन्यांत पाणी उडून हीटर उघडा पडला की काच तडकते.

थर्मामीटरवर आंधळा विश्वास ठेवू नका. स्वस्त डिजिटल थर्मामीटर एक अंश चुकणं नेहमीचं आहे, आणि पायथनच्या बाबतीत एक अंश म्हणजे सगळी मोकळीक. तपासायचं असं: थर्मासमध्ये ३७-३८ अंशांचं कोमट पाणी घ्या, त्यात ताप मोजायचा चांगला डिजिटल थर्मामीटर आणि तुमचा प्रोब एकत्र धरून दोन-तीन मिनिटं ढवळा आणि दोन्ही आकडे लिहा. फरक ०.६ आला तर कंट्रोलरच्या दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये तो भरा, किंवा पेटीवर चिकटपट्टीनं लिहून ठेवा. बर्फाच्या पाण्यात शून्य तपासणंही बरोबर आहे, पण आपल्याला अचूकपणा ३० च्या आसपास हवा आहे, म्हणून कोमट पाण्याची चाचणी जास्त उपयोगी.

आर्द्रतेचा तुमचा प्रश्न: पेटीची आर्द्रता मोजायची गरज नाही, डब्याची जपायची. झाकणाच्या डब्यात ती जवळपास ९५ ते १०० टक्के असते आणि त्या टोकाला साधे आर्द्रतामापक काहीही दाखवतात. त्याऐवजी वजन करा. ३० × २० सेंटीमीटरच्या डब्यात पाच सेंटीमीटर थर देण्यासाठी जाड दाण्याचं व्हर्मिक्युलाइट, म्हणजे पाणी धरून ठेवणारं हलकं खनिज, साधारण ३०० ग्रॅम लागतं, त्यात पाणीही वजनानं तितकंच, म्हणजे ३०० मिलिलिटर. मापानं समसमान घेऊ नका. एक लिटर व्हर्मिक्युलाइट जेमतेम १०० ग्रॅम भरतं, त्यात लिटरभर पाणी घातलंत तर चिखल होईल आणि अंडी खालून कुजतील. नीट कालवून मूठ दाबली की एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. अंडी ठेवून झाकण लावल्यावर सगळा डबा काट्यावर ठेवा आणि आकडा झाकणावर लिहा. अंडी जे पाणी शोषतात ते डब्यातच राहतं, तेव्हा वजन घटलं तर ते पाणी उडालेलंच असतं. आठवड्याला जेवढे ग्रॅम कमी, तेवढं पेटीच्याच तापमानाचं पाणी कडेनं, अंड्यांवर न पडू देता, घाला.

पायथनच्या गठ्ठ्यासाठी आम्ही याहून जाळीची पद्धत पसंत करतो. डब्यात दोन सेंटीमीटर पाणी, त्याच्या वर पाण्याला न टेकणारी प्लास्टिकची चौकोनी जाळी, तिच्यावर अंड्यांचा गठ्ठा जसाच्या तसा. ओल भरपूर, कवचाला पाण्याचा स्पर्श नाही, आणि तळाशी पाणी दिसतं म्हणून अंदाज चुकत नाही. याला झाकण घट्ट हवं. चिकटलेली अंडी सोडवायला जाऊ नका, कवच फाटतं. ज्या बाजूनं अंडी पडलेली सापडली तीच बाजू वर ठेवा आणि प्रत्येकावर शिसपेन्सिलीनं छोटी फुली मारा. मार्करची शाई नको. झाकणाला हलका उतार द्या, म्हणजे दवाचे थेंब कडेला ओघळतील.

हवेचं तंत्र सोपं आहे. पहिले पाच आठवडे आठवड्यातून एकदा झाकण उघडून वर्तमानपत्रानं दोनदा वारा घाला. शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्यातून दोनदा, कारण मोठी झालेली पिल्लं जास्त प्राणवायू वापरतात. याच काळात मोठ्या गठ्ठ्याची स्वतःचीही ऊब तयार होते आणि डब्यातला थर्मामीटर बाहेरच्यापेक्षा अर्धा-एक अंश वर दिसू लागतो. तसं झालं तर थर्मोस्टॅट तेवढाच खाली घ्या. पिल्लं बाहेर येण्याआधीच्या दोन आठवड्यांत अंडी थोडी चेपणं ठीक आहे. हाच खळगा दहाव्या-पंधराव्या दिवशी दिसला तर ओल कमी पडतेय.

वीज जाण्याची चिंता पायथनच्या पेटीपुरती थोडी कमी करतो. दहा लिटर पाणी आत असेल आणि झाकण उघडलं नाहीत, तर २१ अंशांच्या खोलीत पेटी पहिल्या तासाला जेमतेम एक अंश उतरते, तीन तासांत सुमारे पावणेतीन. पायथनची अंडी एवढं सोसतात. बाहेरून जाड रजई गुंडाळा, पण कंट्रोलरच्या डब्यावर नको, आणि वीज आली की काढून ठेवा. ‘थंड झालंय’ म्हणून आत उकळत्या पाण्याची बाटली ठेवू नका. थंडीनं न मरणारी अंडी त्या मदतीनं मरतात. कॉर्नच्या मशीनची अडचण दुपारच्या भारनियमनाची आहे. तिथंही आत दोन लिटर पाणी ठेवा, म्हणजे २७.५ वरून खोलीच्या ३१ कडे जायला वेळ लागेल.

पेटी अंडी येण्याआधी निदान सात दिवस चालवून बघा. डबा, व्हर्मिक्युलाइट किंवा पाणी, बाटल्या, सगळं भरून. रिकाम्या पेटीची चाचणी खोटी असते, कारण तिच्यात साठवण नाही. रोज किमान आणि कमाल आकडा लिहा, आणि त्यात एक तरी सर्वांत उकाड्याची दुपार आणि एक गार पहाट येऊ द्या. डब्यातला आकडा आठवडाभर ३१ ते ३२ च्या आत राहिला तर पेटी तयार. दुपारी ३२.५ दिसला तर थर्मोस्टॅट खाली आणण्याआधी पेटी कुठं ठेवली आहे ते बघा: खिडकीतून येणारं ऊन, शेजारचा फ्रिज, वरच्या मजल्याचं तापलेलं छत. आठवड्याभरात कुठल्याही एका दिवशी आकडा कारण न कळता उडाला तर ती चाचणी धरू नका, कारण सापडेपर्यंत पुन्हा चालवा. पायथनच्या मादीनं कात टाकली की त्या दिवसापासून तुमच्याकडे साधारण चार आठवडे आहेत. पेटी त्याआधीच चालू झालेली असू द्या.